सव्वापाच की साडेपाच

अंबरीश सरांना लातूरच्या कृषी प्रदर्शनात लकी ड्रॉचं तिसरं बक्षीस लागलं आणि तासाभरात औशात बातमी फिरली की सरांना ट्रॅक्टर लागला. संध्याकाळी लोक पेढे मागायला आले, तेव्हा बैठकीच्या खोलीत चार टायर उभे होते. नुसते टायर. ट्रॅक्टर हे पहिलं बक्षीस होतं आणि ते निलंग्याच्या कुणाला तरी गेलं होतं.

पण टायर होते मात्र जबरदस्त! एकतीस इंच उंच, साडेदहा इंच रुंद, अंगावर मगरीच्या पाठीसारखे ठोकळे. डोंगर चढणाऱ्या आणि चिखल तुडवणाऱ्या गाड्यांचे असतात तसले. सरांच्या मित्रमंडळींना राहवलं नाही. त्यांनी चौकात फ्लेक्स लावला: ‘चार टायरांचे मानकरी, गणितरत्न अंबरीश सर यांचे हार्दिक अभिनंदन!’ फ्लेक्सवर सर एका टायरावर हात ठेवून, वाघ मारल्यासारखे उभे होते.

घरात मात्र त्या वाघांचं काय करायचं हे कुणाला सुचत नव्हतं. सरांच्या बायकोनं, म्हणजे श्रद्धाबाईंनी, एका टायरात कांदे ठेवले, दुसऱ्यावर गादी टाकून पाहुण्यांना बसायची सोय केली. सरांकडं जीप होती, नाही असं नाही. सरांपेक्षा दोन वर्षांनी मोठी, हिरवी, आणि चढ दिसला की खोकणारी. पण तिच्या रिंगा होत्या सोळा इंची आणि किडकिडीत. टायरांना हवी होती पंधरा इंची, चांगली आठ इंच रुंद रिंग. म्हणजे आधी चप्पल मिळाली आणि आता तिच्या मापाचा पाय शोधायचा होता.

“विकून टाका की,” श्रद्धाबाई म्हणाल्या.

“मानाची वस्तू विकतात का?” सर म्हणाले.

सरांची मुलगी मनस्विनी, घरातली मनू, दहावीत होती. गेल्या महिन्यात शाळेच्या बोअरची बंद पडलेली मोटर तिनं एका स्क्रू-ड्रायव्हरवर सुरू करून दाखवली होती आणि तेव्हापासून ती चालताना सुद्धा अशी चालायची की जणू मागं बँड वाजतोय. जगातली कुठलीही गोष्ट उघडली की कळते, असं तिचं ठाम मत होतं. तिला दहावीनंतर मेकॅनिकलचा डिप्लोमा करायचा होता. सरांना तिला लातूरला नीटच्या क्लासला घालायचं होतं. लातूर अवघं वीस किलोमीटरवर असताना मुलीला डॉक्टर न करणं म्हणजे नदीकाठी राहून पारोसं बसणं, असं सरांचं म्हणणं. यावर रोज जेवताना चर्चा व्हायची आणि रोज भात गार व्हायचा.

अशातच शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची मीटिंग झाली. सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन शाळेतले सगळ्यात जुने गणिताचे शिक्षक दत्तोपंत गुरुजी यांच्या हस्ते करायचं ठरलं. गुरुजी चौऱ्याऐंशीचे. मुलांकडं पुण्याला न जाता शेतातच राहायचे. शेताला जायचा रस्ता म्हणजे दोन किलोमीटरची पाणंद, आणि पावसाळ्यात ती पाणंद म्हणजे काळ्या मातीची खीर. बैलगाडी रुतते, ट्रॅक्टर फसतो, माणसाची चप्पल राहते आणि माणूस पुढं जातो.

“मग गुरुजींना आणायचं कसं?” मुख्याध्यापकांनी विचारलं.

सगळ्यांनी टेबलाकडं बघितलं. अंबरीश सर उभे राहिले. “गुरुजींना मी आणतो. माझ्या जीपनं. नव्या टायरांवर.”

टाळ्या पडल्या. सरांना त्या टाळ्या घरी पोचेपर्यंत ऐकू येत होत्या. घरी पोचल्यावर त्यांना आठवलं की टायरांना रिंगा नाहीत, आणि सतरा तारखेला सहा दिवस राहिलेत.

दुसऱ्या दिवशी जीप आनंदराजच्या गॅरेजमध्ये ठोकळ्यांवर चढवली गेली. आनंदराज औशातला नामी मेकॅनिक. गाडीचा आवाज ऐकून तो आजार सांगायचा. त्यानं चारही चाकं काढली आणि म्हणाला, “सर, आता बगा. टायर पंधराचं हाय म्हणून पंधराची रिंग. रुंद हाय म्हणून आठ इंची. आन् रिंग जरा भाईर निघालेली घ्या, न्हाईतर टायर आतल्या स्प्रिंगच्या पाट्याला घासतंय. ऱ्हायलं बोल्टाचं माप. जुनी रिंग संगं घिऊन जावा, लातूरचे रिंगावाले अप्पा बरोब्बर जुळवून देतेत.”

“जुनी रिंग?” सर दुखावले. “आनंदराज, मी बावीस वर्षं वर्तुळ शिकवतोय. मी लातूरच्या बाजारात गंजकी रिंग घेऊन फिरू? लोक काय म्हणतील? माप कागदावर नेतात.”

त्यांनी सोबत आलेल्या मनूच्या दप्तरातली पट्टी घेतली, गुडघ्यावर बसले, जीपच्या उघड्या ड्रमवर बाहेर आलेल्या पाच बोल्टांपैकी एकावर पट्टीचं टोक ठेवलं आणि समोरच्या बोल्टापर्यंत माप घेतलं. “सव्वापाच इंच. लिही, मनू. समोरासमोरच्या बोल्टांमधलं अंतर, म्हणजे वर्तुळाचा व्यास, सव्वापाच.”

मनू लिहिता लिहिता थांबली. “बाबा, बोल्ट पाच आहेत.”

“मग?”

“सहा असते तर समोरासमोर आले असते. पाचात समोर कुणीच येत नाही. बघा की, समोर दोघांच्या मधली फट येते. तुम्ही तिरकं मोजलंत. खरा व्यास जास्त निघेल.”

आनंदराजनं पाना खाली ठेवला. सरांच्या बोलण्यात मध्ये बोलणारं माणूस त्यानं पहिल्यांदाच बघितलं होतं.

“चाचणीत गणितात किती पडले तुला?” सरांनी विचारलं.

“त्याचा इथं काय संबंध?”

“वीसपैकी अकरा. आणि मला व्यास शिकवायलीस?”

मनूनं वही मिटली. तिनं आनंदराजच्या बाकड्यावरचा जुना पेपर उचलला, ड्रमवर ताणून धरला आणि तळव्यानं दाबला. पाच बोल्ट पाच ठिकाणी पेपर फाडून बाहेर आले. पान होतं ‘वधू पाहिजे’चं. एक बोल्ट बँकेत नोकरीला असलेल्या मुलाच्या छातीतून निघाला, एक घटस्फोटिताच्या, एक अपेक्षा नसलेल्याच्या. मग तिनं पेपर जमिनीवर पसरला, कंपास काढला, दोन जीवांचे लंबदुभाजक काढले, ते जिथं छेदले तिथं टोक रोवलं आणि गर्रकन वर्तुळ फिरवलं. वर्तुळ पाचही भोकांच्या मधोमध गेलं. एकही वर सुटला नाही.

“साडेपाच,” ती म्हणाली. आणि बाहेर कुठं बँड वाजत नसताना सुद्धा तिला तो ऐकू आला.

सरांनी कागदाकडं बघितलंच नाही. “साडे! शुभ कामाला निघायचं आणि साडे? अगं, ओटी भरताना सव्वा रुपया घालतात. सत्यनारायणाला सव्वा शेर रवा घेतात. साडे कशाला लावतात? साडेसातीला!”

“आणि साडेतीन मुहूर्त?” मनू म्हणाली. “साडेतीन शक्तिपीठं? तुळजापूर काय अशुभ झालं का?”

“ते वेगळं,” सर म्हणाले.

“सर,” आनंदराज हळूच बोलला, “आमच्यात सव्वाबी न्हाई आन् साडेबी न्हाई. पाना लागला की बास.”

सरांचा आवाज चढला. “ठीक आहे! आनंदराज, तू साक्षीदार. माझं सव्वापाच बसलं तर ही मुकाट्यानं नीटच्या क्लासला जाईल. हिचं साडेपाच बसलं तर मेकॅनिकल. झालं समाधान?”

“शब्द?” मनूनं हात पुढं केला.

“शब्द.”

लातूरला जायचं कसं? जीप ठोकळ्यांवर. मग एक टायर घेऊन बापलेक एसटीत चढले, कारण टायर बसवून बघितल्याशिवाय रिंग घ्यायची नाही, एवढं तरी सरांनी मान्य केलं होतं. टायर मधल्या वाटेत उभा राहिला आणि मागच्या सगळ्या प्रवाशांना पुढचे दिसेनासे झाले.

“हे कुणाचं?” कंडक्टरनं विचारलं.

“माझं,” सर म्हणाले.

“तिकीट अर्धं का पुरं? बारा वर्षांच्या आतलं हाय का?” बस हसली. सरांनी खिडकीतून बाहेर बघितलं. मनूनं टायरावर हात ठेवला, फ्लेक्सवरच्या बाबांसारखाच, आणि थेट लातूरपर्यंत तसाच ठेवला.

गुरुपादप्पांचं दुकान म्हणजे रिंगांचं देवघर. भिंतभर चमचमत्या रिंगा, मध्ये गल्ल्यावर अप्पा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे. सर आत शिरताच ते उठून उभे राहिले. “या सर, या! आमच्या पोराला धाव्वीला गणितात तुम्हीच काढलाव. पस्तीस पडले, पण पडले की!”

सरांचा जीव एका चंदेरी, आरशासारख्या रिंगेवर बसला. “ही बघ मनू, गुरुजींना शोभेल.”

“बाबा, ती दगडावर आपटली की तडकते. पाणंदीत काळी, पत्र्याची, जाड घ्यायची. वाकली तर ठोकून सरळ होते.”

“पोरगी बरोबर बोलायलीय सर,” अप्पा म्हणाले. त्यांनी आतून चार काळ्या रिंगा आणल्या. पंधरा इंची, आठ इंच रुंद, बाहेर निघालेल्या. टायर त्यात असा बसला की जणू जन्मापासून तिथंच होता. फक्त एक गोष्ट राहिली होती. मधल्या पत्र्याच्या डिस्का कोऱ्या होत्या, बोल्टांची भोकं पाडलेलीच नव्हती.

“ते एक बरं असतंय,” अप्पा म्हणाले. “गिऱ्हाईक म्हणंल त्या मापाची पाडून देतो. बोला सर, माप?”

“पाच बोल्ट. सव्वापाच इंच.”

अप्पांचा हात लिहिता लिहिता थांबला. “इल्ला सर, न्हाई... सव्वापाच? साडेचार ऐकलंय, पाच ऐकलंय, साडेपाच तर जुन्या जीपचं नेहमीचंच. सव्वापाच आमच्या बापजन्मात आलं न्हाई.”

“मग आता आलं,” सर म्हणाले. “मी स्वतः मोजलंय.”

सर चहा प्यायला बाहेर गेले तेव्हा मनूनं घडी घातलेला पेपर अप्पांच्या गल्ल्यावर ठेवला. अप्पांनी चष्मा लावला. भोकं बघितली, वर्तुळ बघितलं, मग सवयीनं दोन जाहिराती पण वाचल्या. “पोरी, हे तर सरळ हाय. पण सरांचा शब्द मोडू कसा? माझ्या पोराचे पस्तीस त्यांच्यामुळं.”

“अप्पा, माझं सगळं आयुष्य पाव इंचावर आहे.”

अप्पांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले आणि बराच वेळ भस्म चोळत बसले, मग मनूला तिचा पेपर परत दिला.

सोळा तारखेला दुपारी रिंगा टेम्पोतून आनंदराजच्या गॅरेजवर उतरल्या. सर शाळेत रंगीत तालमीत होते. मनू सायकल दामटत पोचली, पहिली रिंग बघितली आणि भोकं मोजली. एक, दोन, तीन... दहा.

तिनं तिथूनच फोन लावला. “अप्पा, दहा भोकं?”

“हाव. पाच सरांची, पाच तुझी,” पलीकडून आवाज आला. “एकाआड एक पाडल्यात. मला दोघांचीबी मर्जी ऱ्हाखायचीय. पत्रा जाड हाय, फिकीर करू नको. ज्याचं बसंल त्याचं बसंल.”

आनंदराज पोट धरून हसला. “चला, आधी सरांचा मान.” त्यानं रिंग सरांच्या सव्वापाचवर धरली. एक बोल्ट शिरला. बाकीचे चार रुसलेल्या व्याह्यांसारखे बाहेरच थांबले. आनंदराजनं ढकललं, हातोडीनं समजूत काढली, काही नाही. “न्हाई जमत बगा.” मग त्यानं रिंग इतकीशी फिरवली, एका भोकावरून शेजारच्या भोकावर. टक्! पाचही बोल्ट एकदम आत. मनूनं अशी उडी मारली की आनंदराजच्या हातातला नट ग्रीसच्या डब्यात पडला.

अडचण एकच झाली. रिंगा बाहेर निघालेल्या असल्यानं टायर जीपच्या अंगाबाहेर चार बोटं आले होते. म्हणजे चिखल उडणार तो थेट आत बसलेल्यांच्या अंगावर. आणि उद्या आत बसणार होते पांढऱ्या धोतरातले गुरुजी. मडगार्डला काहीतरी झालर लावायलाच हवी होती. आनंदराजनं इकडं तिकडं बघितलं. कोपऱ्यात, चौकातून उतरवलेला एक जुना फ्लेक्स गुंडाळून ठेवला होता. त्यानं न उलगडताच कापला, चार तुकडे केले, चार चाकांवर ठोकले आणि जीप खाली उतरवली.

सर आले तेव्हा जीप अशी उभी होती की आता गुरगुरेल. सरांचा ऊर भरून आला. “बघितलंस मनू? सव्वापाच! म्हटलं होतं ना?”

“बाबा, ती माझी भोकं आहेत. तुमची मोकळी आहेत.”

“दहा भोकं आहेत म्हणजे कुठलीही पाच चालतात.”

“चालत नाहीत! काका, सांगा ना.”

आनंदराजची पंचाईत झाली. त्याची दोन पोरं सरांच्या वर्गात होती. “सर, मामला असा हाय की...”

“मामला संपला. चाक बसलं, विषय संपला. आता पुन्हा खोलत बसायला वेळ नाही.” आणि सरांनी तिथंच खिशातून फोन काढून लातूरच्या क्लासला सांगितलं, “मनस्विनीचं नाव धरून ठेवा. उद्या दुपारी पक्कं कळवतो.”

मनूच्या मागचा बँड एकदम थांबला.

घरी ती जेवली नाही. श्रद्धाबाई मोजणीच्या ऑफिसात नोकरीला होत्या, जमिनीच्या हद्दी बघणाऱ्या. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं आणि नवऱ्याला एवढंच म्हणाल्या, “आमच्या ऑफिसात पाव इंचावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात. तुम्ही निदान पोरीचा कागद तरी बघा.”

“बघायची गरज नाही,” सर म्हणाले. पण झोपताना ते दोनदा उठून पाणी पिऊन आले.

सतरा तारखेला सकाळी साडेसहाला जीप पाणंदीच्या तोंडाशी आली. सर स्टिअरिंगवर, मनू शेजारी, आनंदराज मागं, लागलं तर असावं म्हणून. झेंडावंदन नऊला. समोर काळी खीर पसरली होती आणि तिच्या मधोमध ग्यानोबाचा ट्रॅक्टर अर्ध्या चाकांपर्यंत रुतून बसला होता. ग्यानोबा बांधावर बसून तंबाखू मळत होता.

“सर, न्हाई जमायचं!” तो ओरडला. “परवापासून माझं हितंच हाय. माघारी जावा!”

सरांनी पुढचा गिअर टाकला. जीप खोकली नाही. टायरांच्या ठोकळ्यांनी मातीला घट्ट धरलं, जीप एकदा डावीकडं झुकली, एकदा उजवीकडं, आणि ट्रॅक्टरला वळसा घालून निघाली ती थेट पलीकडं! एवढं सगळं होऊन आत एक शिंतोडा आला नाही. सरांनी हॉर्न वाजवला. मनूचं मन कडू झालं होतं तरी तिचा हात आपोआप हवेत गेला. कुणाच्या का भोकांवर असेना, चाकं तिनं निवडलेली होती!

मागून ग्यानोबा बोंबलला, “ओ सर! तुमचं तोंड काळं झालं की!”

सरांनी आरशात तोंड बघितलं. स्वच्छ होतं. “काय बोलायलाय हा?”

आनंदराजनं मागून वाकून बघितलं आणि लगेच सरळ बसला. मागच्या उजव्या चाकावरच्या झालरीतून, टायरावर हात ठेवलेले गणितरत्न अंबरीश सर, कपाळापासून हनुवटीपर्यंत चिखलात हसत होते. डाव्या चाकावर ‘हार्दिक’ एवढंच उरलं होतं.

“काई न्हाई सर,” आनंदराज म्हणाला. “ग्यानोबा येडं हाय.”

दत्तोपंत गुरुजी शेतातल्या घरासमोर तयार उभे होते. पांढरं धोतर, काळी टोपी, हातात काठी. सरांनी पायांवर डोकं ठेवलं. “चला गुरुजी, बसा.”

“थांब,” गुरुजी म्हणाले. “पडताळा घेतल्याशिवाय मी उत्तरावर विश्वास ठेवत नाही आणि गाडीतही बसत नाही. चाकं मूळची नाहीत ही.” ते जीपभोवती फिरले. मागच्या झालरीपाशी थांबले, एकदा झालरीकडं आणि एकदा सरांकडं बघितलं. मग काठीचं टोक रिंगेवर टेकवलं. “बोल्ट पाच. भोकं दहा. भरलेली कुणाची आणि मोकळी कुणाची?”

दूर ग्यानोबाची शीळ ऐकू येत होती.

“भरलेली माझी, गुरुजी,” मनू म्हणाली.

“भरलेली माझी,” सर म्हणाले.

“छान. दोन उत्तरं आली. अंबरीश, तू कसं मोजलंस?”

“समोरासमोरच्या बोल्टांमधलं अंतर घेतलं, गुरुजी.”

“बरं. या वरच्या बोल्टाच्या समोरचा बोल्ट दाखव मला.”

सरांनी बोट पुढं केलं. बोट खालच्या डाव्या बोल्टाकडं गेलं. तिथून उजव्याकडं गेलं. मग दोघांच्या मधल्या फटीवर येऊन थांबलं आणि तिथंच राहिलं. पाणंदीत ट्रॅक्टर रुतावा तसं.

“नाही ना सापडत? पाचांत समोर कुणी नसतं रे,” गुरुजी म्हणाले. “पोरी, तू कसं काढलंस?”

मनूनं खिशातून पेपर काढला, उलगडला आणि चाकावर धरला. बोल्टांची पाच टोकं पाच वरांमधून मुकाट बाहेर आली. कागद चाकाला चिकटल्यासारखा बसला. गुरुजींनी खाली वाकून बघितलं, कागदाच्या आडून काठीनं मोकळी भोकं चाचपली. “मोकळी आत सरकलेली आहेत. दोराभर आत, इंचाचा आठवा हिस्सा. दुभाजक काढलेस का? दोन जीवांचे?”

“हो गुरुजी.”

“व्यास?”

“साडेपाच.”

“बरोबर.” गुरुजी सरांकडं वळले. “अंबरीश, तेहतीस वर्षांपूर्वी, सहामाहीत पंचकोनाच्या प्रश्नात तू लिहिलं होतंस, ‘पंचकोनाचे समोरासमोरचे शिरोबिंदू जोडले’. आठवतं का? पाच गुणांच्या प्रश्नाला मी तुला किती दिले होते?”

सर चिखलाकडं बघत म्हणाले, “सव्वा.”

“म्हणून तुझं सव्वावर एवढं प्रेम!” गुरुजी म्हणाले, आणि काठी टेकत जीपमध्ये बसले. आनंदराज मागच्या मागं उतरला आणि टायर बघायच्या निमित्तानं खाली बसून हसू आवरत डोळे पुसून आला.

परतीच्या वाटेवर सरांची नजर चाकोरीवरून हलली नाही. जिंकल्यावर काय बोलायचं ते मनूनं पाच दिवस पाठ केलं होतं, पण आरशातले बाबांचे कान लाल झालेले दिसत होते आणि पाठ केलेलं सगळं तिला एकदम खोटं वाटायला लागलं. पाणंद संपल्यावर तिनं फक्त आपला रुमाल काढून त्यांच्याकडं दिला. सरांनी घाम पुसला आणि रुमाल परत दिला नाही.

नऊला पाच मिनिटं असताना जीप शाळेच्या फाटकातून आत शिरली. बँड खरोखरचा होता. पोरं ओरडली, झेंडा चढला, गुरुजींच्या धोतरावर एक डाग नव्हता. मग सूत्रसंचालनाला अंबरीश सर माईकवर आले. हातात भाषणाचा कागद होता, त्यात स्वतःबद्दल दीड पान होतं. त्यांनी तो घडी करून खिशात घातला.

“गुरुजींना मी आणलं असं सगळे म्हणतायत,” ते म्हणाले. “गुरुजींना आणणाऱ्या चाकांचं माप मी सव्वापाच काढलं होतं. ते चुकलं. माझ्या मापात पाव इंच कमी होतं. ते पाव माझ्या लेकीनं भरून काढलं. बावीस वर्षं गणित शिकवलं, पण गणित जमलेलं माणूस माझ्याच घरात जेवायला बसतं, हे मला आज कळलं.” त्यांनी माईक जरा जवळ ओढला. “ती डॉक्टर होणार नाही. ती मेकॅनिकलला जाणार.”

मंडपात मागून कुणीतरी हळहळल्यासारखं “अरेरे” म्हणालं. पहिली टाळी गुरुजींची पडली, दुसरी श्रद्धाबाईंची, आणि मग आनंदराजनं अशी शिट्टी मारली की बँडवाल्यांना वाटलं पुन्हा वाजवायचं. मनू तिसऱ्या रांगेत बसली होती. ती रडत नव्हती. तिला फक्त समोरचं सगळं जरा ओलं ओलं दिसत होतं, आणि ओठ मात्र कानापर्यंत पोचले होते.

मंडपाबाहेर फ्लेक्सवाला सरांची वाट बघत होता. हातातल्या वहीवर पेन धरून तो म्हणाला, “सर, जुना फ्लेक्स तर गेला म्हणं चाकाखाली. नवा बनवू का?”

“बनव. मोठा बनव. फोटो मनूचा घे. लिही, ‘पाव इंचाच्या मानकरी, कुमारी मनस्विनी’. चौकात, त्याच जागी लाव.”

“लावतो की. साइज किती घ्यू? चौकातले दोन खांब हायेत, मधलं अंतर काय धरू?”

सरांनी दोन्ही हात पसरून हवेत माप दाखवलं. मग हात तसेच धरून क्षणभर थांबले, आणि खाली घेतले.

“थांब,” ते म्हणाले. “मनूला विचारून सांगतो.”